विंडोज गाईचं की म्हशीचं?

दुकानात दोन गोष्टी न बोलावता साचतात. धूळ आणि किस्से. धुळीला ब्लोअर आहे, किश्शांचं काय करायचं? घरी सांगायला गेले की नवरा म्हणतो, "गिऱ्हाइकांची टिंगल करू नये." त्याचं बरोबरच आहे. पण तो शेतकी खात्यात आहे, त्याच्याकडं गिऱ्हाईक येत नाही, फायली येतात. म्हणून त्याला सोडून तुम्हाला सांगते.

शिरूरला एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत आमचं कंप्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. आमचं म्हणजे माझं आणि मिलिंदचं. मी मूळची कवठे येमाईची, मिलिंद दौंडचा. आम्ही दोघंही आधी रांजणगावला एका कंपनीत आयटी डिपार्टमेंटला होतो. डिपार्टमेंट म्हणजे आम्ही दोघं आणि एक बंद पडलेला एसी.

दुकान काढताना मिलिंदनं एकच अट घातली. विंडोज टाकायचं ते अस्सल, पैसे भरून घेतलेल्या लायसन्सचं. क्रॅक मारलेलं, म्हणजे कुलूप तोडून आणलेलं, आपल्याकडं टाकायचं नाही. नुसती अट घालून तो थांबला नाही, तसा बोर्ड रंगवून घेतला. 'येथे फक्त अस्सल लायसन्स मिळेल.' अक्षरं लाल, एकेक वीतभर!

मी म्हटलं, "मिलिंद, शिरूरमध्ये ह्या बोर्डाचा अर्थ 'गिऱ्हाइकांनी येऊ नये' असा होतो."

तो म्हणाला, "येतील."

आणि आले! कारण विंडोज दहाचा सपोर्ट संपला. विंडोज बनवणाऱ्या कंपनीनं सांगून टाकलं, आता ह्याला अपडेट मिळणार नाहीत, पुढचं घ्या. मग तालुक्यातले सगळे म्हातारे कंप्युटर चादरीत गुंडाळून आमच्या काउंटरवर यायला लागले. कुणाला आतले पार्ट बदलून तोच डबा चालवायचा, कुणाला नवा घ्यायचा, आणि प्रत्येकाला एकच प्रश्न. लायसन्स कुठलं घेऊ? आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा. नाही घेतलं तर काय होईल?

एक सांगायचं राहिलं. मिलिंदच्या वडिलांनी, म्हणजे आबांनी, त्याला एक वर्षाची मुदत दिली होती. परमनंट नोकरी सोडून पोरगा दुकानात बसला हे त्यांना अजिबात पटलं नव्हतं. "बारा महिने बघ. चाललं तर ठीक, न्हाईतर कंपनीत जाऊन साहेबाला सांग, चुकलो म्हणून." ते स्वतः दुकानात एकदाही आले नाहीत. दर रविवारी दौंडवरून फोन यायचा.

"चाललंय का?"

"चाललंय, आबा."

फोन बंद. पहिल्या दोन महिन्यांत काय चाललं होतं म्हणाल, तर माउस आणि मोबाइलचे चार्जर. लायसन्स एक नाही!

०

त्या साहेबासमोर जाऊन उभं राहणं मिलिंदला मरणासारखं का वाटायचं, तेही सांगते.

कंपनीत एकदा सॉफ्टवेअरचं ऑडिट लागलं. लायसन्स जेमतेम निम्म्या कंप्युटरची, बाकी सगळा आनंद. साहेबानं आदल्या दिवशी आम्हाला बोलावलं आणि म्हणाला, "जास्तीचे कंप्युटर दोन दिवस कँटीनच्या गोडाऊनमध्ये टाका. बटाट्याच्या पोत्यांमागं. कोण बघतंय?"

आम्ही टाकले. हुकूम म्हणजे हुकूम. टाकताना मिलिंद एक शब्द बोलला नाही, तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

दुसऱ्या दिवशी ऑडिटर आला. हडकुळा, सज्जन माणूस, बारीक आवाजात बोलणारा. सगळं बघून झालं, चहा झाला, निघता निघता त्यानं सहज मिलिंदला विचारलं, "एवढेच ना कंप्युटर?"

मिलिंद म्हणाला, "नाही सर. बाकीचे बटाट्यात आहेत."

पुढच्याच महिन्यात मिलिंदची बदली स्टोअरला. नटबोल्ट मोजायला. त्यानं राजीनामा दिला आणि त्याच आठवड्यात मीही दिला. लोकांना वाटतं मी मिलिंदसाठी दिला. तसं काही नाही हो, डिपार्टमेंटला मी आणि एसी एवढेच उरलो होतो!

आबांना हे ठाऊक नव्हतं. मिलिंदनं घरी "कंटाळा आला" एवढंच सांगितलं होतं. मी म्हटलं, खरं सांग की. तर म्हणाला, "राहू द्या मॅडम, आबांसमोर मी लायसन्सच्या गोष्टी करत नाही." का करत नाही, ते तेव्हा मला कळलं नाही.

०

पहिलं लायसन्स विकलं गेलं ते बबनमामांना.

बबनमामा आमच्याच गावचे, दूध संकलन केंद्र चालवतात. फॅट मोजायच्या मशीनला जोडलेला त्यांचा कंप्युटर दम टाकत होता. तो काउंटरवर आदळून त्यांनी आधी माझ्या मागं वाकून बघितलं. "मालक कुठंयत?"

"मीच मालक, मामा."

"तू व्हय! बरं बरं. मला सांग, त्यो समोरचा तीनशे रुपयांत विंडोज टाकून देतोय. तुमच्याकडं म्हणं हजारांत हाय. फरक काय?"

मिलिंद अशा प्रश्नाचीच वाट बघत असतो. त्यानं खुर्ची ओढली आणि सुरू झाला. अपडेट, व्हायरस, सिक्युरिटी, डेटा, होम एडिशन, प्रो एडिशन. पंधरा मिनिटं! मामा अगदी तल्लीन होऊन ऐकत होते. तो थांबल्यावर म्हणाले, "ते सगळं ऱ्हाऊ द्या. फॅट किती लागती ते सांगा."

मिलिंदनं माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "मामा, होम म्हणजे साडेतीन फॅट. प्रो म्हणजे साडेसहा."

"म्हंजी होम गाईचं आन् प्रो म्हशीचं."

"बरोबर."

"आन् ते तीनशेवालं?"

"ते पावडर कालवलेलं."

मामा ताडकन उभेच राहिले. "आगं मग आधी सांगायचं न्हाई का! पावडरवाल्याचं कार्ड बंद करतो आमी! द्या, गाईचं द्या. म्हशीचं कुणाला पचतंय."

मिलिंदची पंधरा मिनिटं आणि माझं एक मिनिट. त्या दिवसापासून आमच्या दुकानात होमला गाईचं आणि प्रोला म्हशीचं हीच नावं पडली. मामांनी गावभर सांगितलं. लोक येऊन थेट मागायला लागले, "बबनमामानं नेलं त्यातलं द्या, गाईचं." एकजण तर म्हणाला, "शेळीचं नाही का एखादं? हलकं? मशीन लई जुनं हाय हो आमचं."

०

आता गंमत अशी, की शेळीचंही असतं!

लिनक्स. हलकं, जुन्या मशीनला सोसणारं, आणि मुख्य म्हणजे फुकट. फुकट आणि कायदेशीर. ज्याला विंडोजचं लायसन्स परवडत नाही, त्याच्यासाठी मिलिंदला ते म्हणजे साक्षात औषध वाटायचं.

एक रिटायर्ड गुरुजी आले. कंप्युटर नातीच्या वयाचा. म्हणाले, "मला फक्त पत्रं लिहायचीत आणि सकाळी पेपर वाचायचाय." मिलिंद खूश झाला. म्हणाला, "गुरुजी, तुम्हाला लायसन्स घ्यायचीच गरज नाही. हे घ्या. फुकट आहे."

गुरुजींचा चेहरा बदलला. "फुकट?"

"हो."

"आणि कायदेशीर?"

"हो."

"दोन्ही एकदम कसं असेल? एक काहीतरी सांगा."

मिलिंदनं समजावायचा जीव तोडून प्रयत्न केला. जगभरातले लोक मिळून बनवतात, सगळ्यांना वापरायला मोकळं ठेवतात, वगैरे. गुरुजी ऐकता ऐकता तापत गेले. शेवटी काठी आपटली. "छत्तीस वर्षं शाळेत पोरांना चोरी करू नका म्हणून शिकवलं मी. फुकट म्हणजे चोरीचं, एवढं मला कळतं. बोर्ड काय लावलाय आणि आत काय चालवताय!"

आणि कंप्युटर उचलून गेले. कुठं गेले असतील? समोर! संतोषच्या दुकानात. अर्ध्या तासानं बाहेर आले, मुद्दाम आमच्या दारात थांबले आणि ताठ मानेनं म्हणाले, "मी तीनशे रुपये मोजून घेतलंय!"

०

ह्या संतोषचं सांगायलाच हवं. समोरचं दुकान त्याचं. माणूस गोड, हात चलाख, आणि पेनड्राइव्हमध्ये सगळ्या जगाचं कुलूप तोडून ठेवलेलं. आमच्या बोर्डाकडं बोट दाखवून गिऱ्हाइकांना सांगायचा, "देवमाणसं हायत. दर्शन घ्या आन् इकडं या."

सहाव्या महिन्यात एका दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. संतोष इकडंतिकडं बघत आमच्या दुकानात शिरला. पाणी प्यायला. उन्हाबद्दल बोलला. मग हळूच म्हणाला, "एक लायसन्स पायजे होतं."

मिलिंद म्हणाला, "गिऱ्हाइकाला?"

"न्हाई, मला. माझ्या स्वतःच्या मशीनला."

"तुमच्याकडं आहे की पेनड्राइव्हमध्ये."

संतोष खरंच दुखावला. "आवं त्या मशीनवर माझी बँक हाय! तिथं ते कसं टाकीन मी? कुणी बनवलंय, त्यात काय घुसवलंय, कुणाला ठाऊक?"

बिलावर त्याच्या दुकानाचं नाव घालू नका म्हणाला. लायसन्सचं खोकं शर्टाच्या आत घालून घेऊन गेला.

०

पाटसच्या तीन भावांचा किस्सा मात्र आम्ही अजून जेवताना काढतो.

एकत्र कुटुंब, ऊस भरपूर, कंप्युटर एक. पोरांचा अभ्यास, उतारे काढणं आणि थोरल्याचे पत्ते खेळणं, ह्यासाठी. तिघं भाऊ एकाच जीपमधून आले. मिलिंदनं त्यांना दोन प्रकार समजावून सांगितले. एक लायसन्स कंप्युटरबरोबरच येतं, ते त्याच मदरबोर्डला बांधलेलं असतं. मदरबोर्ड गेला की तेही गेलं. दुसरं वेगळं विकत घ्यायचं, ते ह्या डब्यातून काढून त्या डब्यात नेता येतं. "ज्याच्या खात्यावर नोंदवू त्याचं ते. उद्या कंप्युटर बदलला तरी लायसन्स त्याच्याच नावावर."

'नावावर' म्हटल्याबरोबर तिघं एकदम सरळ बसले.

थोरला म्हणाला, "तिघांची नावं लावा."

"एकाच खात्यावर होतं ते."

मधला म्हणाला, "मग थोरल्याच्या नावावर करा आन् आमची नावं इतर हक्कात घ्या."

"असं नसतं हो त्यात!"

धाकटा इतका वेळ गप्प होता. तो म्हणाला, "आज न्हाई काय वाटत. उद्या वाटणीच्या टायमाला कोण कुणाला विचारतंय?"

तिघं बाहेर गेले. समोरच्या चहाच्या टपरीवर तासभर बसले. तीनदा आवाज चढले, एकदा थोरला उठून जीपपर्यंत जाऊन परत आला. मी मिलिंदला म्हटलं, गेलं हे लायसन्स. पण तिघं परत आले, तोडगा काढूनच. "आईच्या नावावर करा."

आईनं जन्मात माउसला हात लावलेला नव्हता. पण खातं आईचं, म्हणजे पासवर्ड आईचा. दुसऱ्या दिवशी म्हातारी स्वतः आली, मिलिंद सोडून सगळ्यांना दुकानाबाहेर काढलं आणि त्याच्या मदतीनं एकेक अक्षर शोधून पासवर्ड ठेवला. कागद कमरेच्या पिशवीत. आता घरात कंप्युटर उघडायचा तर आधी म्हातारीकडं जावं लागतं. तीन सुना रोज सकाळी चहा घेऊन जातात म्हणे.

महिन्यानं दुकानात फोन आला. म्हातारीच. आवाज एकदम दबका.

"बाळ, त्यो पासवर्ड बदलायचा कसा? धाकटीला कळलाय."

०

हीच दोन लायसन्सची भानगड कारेगावच्या एका बिहारी पोराला समजावताना मिलिंदची हिंदी पणाला लागली. पोरगा कंपनीत काँट्रॅक्टवर, खोलीवर सेकंडहँड कंप्युटर. वीज जाऊन आली आणि मदरबोर्ड जळाला. नवा बसवला, तर विंडोज म्हणालं, लायसन्स नाही.

"भैया, लायसन्स तो था!"

"था. लेकिन वो मदरबोर्डके साथ आया था, उसके साथ गया."

"दूसरे बोर्ड पे नहीं चलेगा?"

"नहीं. उसको दूसरा बोर्ड पहचानताच नहीं."

पोरगा जळालेल्या बोर्डाकडं बघत राहिला. मग हसला.

"समझ गया भैया. परमानेंट नहीं है. ठेकेदार का आदमी है, ठेकेदार गया तो गेट पास बंद!"

इतक्या कमी शब्दांत हे अजून कुणाला समजलेलं नाही. आम्हालासुद्धा!

०

दसरा झाला की आमच्याकडं हळदीकुंकवाचे कंप्युटर येतात. पूजा करतात लोक, त्यात काही वाईट नाही. आम्हीही करतो. पण कुंकू कुठं लावायचं ह्याला काही नेम?

तहसील कचेरीजवळ झेरॉक्सचं दुकान चालवणारे एक आप्पा कॅबिनेट घेऊन आले. त्यांचा जुना स्कॅनर जुन्याच विंडोजवर चालायचा, तेव्हा तेच परत टाकायचं होतं. मिलिंदनं कॅबिनेट फिरवलं आणि ओरडलाच, "मॅडम, अस्सल! स्टिकर आहे!" त्या काळी अस्सल विंडोजबरोबर एक चकचकीत स्टिकर यायचं, कॅबिनेटला चिकटवलेलं, आणि त्यावर पंचवीस अक्षरांचा लायसन्स नंबर. आमच्या धंद्यात असं दिसलं की माणूस हळवा होतो.

त्यानं भिंग लावलं. स्टिकर होतं, पण नंबर नव्हता. दर दसऱ्याला बरोबर त्याच्यावर हळद, त्यावर कुंकू, आणि दुसऱ्या दिवशी ओल्या फडक्यानं पुसून काढलेलं. पंचवीसपैकी नऊ अक्षरं शिल्लक.

मिलिंद कळवळून म्हणाला, "आप्पा, एवढं मोठं कॅबिनेट आहे. कुठंही लावायचं. नेमकं इथंच का?"

आप्पा म्हणाले, "मंडळी लावत्यात. तिला तिथं कायतरी मंतर लिवल्यासारखं दिसायचं."

मग जरा विचार करून म्हणाले, "नऊ तर हायत ना? बाकीची अंदाजानं टाका की!"

०

असं करत करत वर्ष सरत आलं. हसायला भरपूर मिळालं, पण किंमत ऐकली की बहुतेक जण समोर जायचे, आणि लायसन्स विकली गेली ती दोन्ही हातांच्या बोटांवर मोजण्याइतकी. मिलिंदचं रविवारचं "चाललंय, आबा" दर वेळी बारीक होत गेलं. बारावा महिना संपत आला तेव्हा त्यानं कंपनीत साहेबाला फोन केला. साहेब म्हणाला, सोमवारी ये, बघू. तेवढं बोलून झाल्यावर मिलिंद बराच वेळ एकच स्क्रू घट्ट करत बसला होता. मला एवढं वाईट वाटलं, की त्या दिवशी मी गिऱ्हाइकांशीसुद्धा नीट बोलले.

शनिवारी दुपारी मिलिंद एका शाळेत कामाला गेला होता. एक उंच, पांढऱ्या शर्टातले गृहस्थ दारात उभे राहिले. खांद्यावर चादरीत बांधलेला कंप्युटर.

"जय भीम, ताई. मिलिंदचा बाप मी."

मी धडपडून उठले. पाणी दिलं, खुर्ची दिली. त्यांनी खुर्ची सोडून गिऱ्हाइकांच्या बाकावर बसणं पसंत केलं. म्हणाले, "ह्यो घरचा कंप्युटर हाय. विंडोज दहाचं संपलंय म्हंत्यात. काय करायचं ते सांगा. बाकीच्या गिऱ्हाइकांना सांगता तसंच सांगा."

आबा रेल्वेत तिकीट तपासनीस होते, तीस वर्षं. मिलिंदनं एकदा सांगितलं होतं, मेव्हणीच्या लग्नाला निघाले असताना ह्यांनी गाडीत सख्ख्या मेव्हण्याची पावती फाडली. आणि मग लग्नात त्याच्याच शेजारी बसून जेवले. सासरच्यांनी वर्षभर अबोला धरला, तरी आबांचं म्हणणं एकच, तिकीट नव्हतं.

मी कंप्युटर चालू केला आणि सांगायला लागले. मदरबोर्ड, प्रोसेसर बदलावा लागेल, मग अकरा टाकता येईल, लायसन्स नवं घ्यावं लागेल. आबा ऐकत नव्हते. ते भिंतीवरचा कागद वाचत होते. मिलिंदनं स्वतःच्या अक्षरात लिहून चिकटवलेला, बोट लावून, एकेक शब्द. "'स्क्रीनच्या खालच्या कोपऱ्यात अॅक्टिव्हेट विंडोज असे दिसत असेल, तर तुमचे विंडोज विनापरवाना आहे.'"

त्यांनी स्क्रीनकडं बघितलं. कोपऱ्यात ती दोन ओळींची पुसट अक्षरं होतीच. कागदाकडं बघितलं. परत स्क्रीनकडं.

"हे अक्षर मिलिंदचं?"

"हो."

"आन् ह्यो कंप्युटरबी त्यानंच बसवलाय. कालेजात हुता तवा. ओरिजिनल घे म्हणून येगळे पैसे दिलते मी."

आणि नेमका तेव्हाच मिलिंद आला. हातात हेल्मेट. त्यानं आधी वडिलांना बघितलं, मग काउंटरवरचा कंप्युटर, मग स्क्रीन. दारातच थांबला.

आबा त्याच्याशी बोललेच नाहीत. चष्मा काढून पुसला आणि मला म्हणाले, "ताई, तुमच्याकडं असलं विनापरवाना घावलं तर काय करता?"

"लायसन्स घ्यायला लावतो."

"आन् मागचं? इतकी वर्षं चाललं त्याचं?"

"मागचं कोण विचारतंय, आबा."

"आमच्यात विचारत्यात. विनातिकीट माणूस घावला, आन् आपून कुठनं चढलो ते त्याला दाखवता आलं न्हाई, तर गाडी जिथनं सुटली तिथनं भाडं. वर दंड."

मग ते वळले. आवाज चढवला नाही.

"कुठनं चढलास?"

सगळ्या शिरूरला लायसन्स समजावून सांगणारा माणूस हेल्मेटच्या पट्ट्याशी खेळत उभा राहिला. मला वाटलं, आता काहीतरी सांगेल, वेळ मारून नेईल. मी असते तर नेली असती.

"सुरुवातीपासनं, आबा," तो म्हणाला. "विंडोजच्या पैशात मी हार्डवेअरच्या कोर्सची फी भरली. तुम्हाला सांगायला तोंड नव्हतं."

आबा त्या कागदावरच्या अक्षराकडं बघत होते.

"मग सुरुवातीपासनं लाव," ते म्हणाले. "दोन लायसन्स. एक मागचं, एक पुढचं. पुढचं मी देतो, मागचं तुझ्या खिशातनं."

"आबा, मागचं लायसन्स असं काही नसतंय."

"तू पावती कर."

मिलिंदनं काउंटरच्या आत येऊन स्वतःच्या हातानं बिल केलं. आबांनी ते उजेडात धरून वरपासून खालपर्यंत वाचलं, तारीख बघितली, सही बघितली, चौघडी करून शर्टाच्या खिशात ठेवलं. मग चादरीची घडी घालायला लागले.

मिलिंद म्हणाला, "आबा, वर्ष पुरं झालं. सोमवारी साहेबानं बोलावलंय. सांगतो जाऊन, चुकलो म्हणून."

आबांचे हात चादरीवरच थांबले.

"पावती फाडल्यावर कुणी गाडीतनं उतरतं व्हय? बस गप जागेवर!"